मोरपंखी उजेडाचं गणित

माझी बहीण त्रिशला जन्मली तेव्हा बऱ्याच बाळांना होते तशी तिलाही कावीळ झाली. इतर बाळांची आठवड्याभरात उतरली, तिची उतरलीच नाही. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. तुमचं आमचं यकृत त्यावर थोडी प्रक्रिया करतं आणि तो शरीराबाहेर टाकतं. ही प्रक्रिया करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्रिशलाच्या यकृतात मुळातच नव्हतं. दहा लाखांत एखाद्याला होणारा हा आजार आमच्या घरात आला.

उपाय होता निळ्या प्रकाशाचा. कातडीखालच्या बिलिरुबिनवर निळा उजेड पडला की त्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि यकृताच्या मदतीशिवाय तो बाहेर पडू शकतो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, इचलकरंजीत दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या बनवायचे. त्यांनी त्रिशलासाठी घरीच पलंग बनवला. खाली जाड काच, काचेखाली निळे दिवे, वरच्या चौकटीत आणखी दिवे. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ती रोज बारा तास त्यात पडून राहायची. अभ्यास तिथेच, जेवण कधी कधी तिथेच. मोठी झाल्यावर तिने कापडावरच्या नक्षीचं काम शिकून घेतलं. यंत्रमागवाले तिच्याकडून डिझाइनं करून घ्यायचे. निळ्या उजेडात लाल सूत काळं दिसतं, म्हणून रंग निवडायचं काम ती दिवसातल्या मोकळ्या तासांसाठी राखून ठेवायची.

पण शरीर वाढतं, कातडी जाड होते, आणि उजेड पुरत नाही. बाराचे चौदा तास झाले, चौदाचे सोळा. दोन हजार सदतीसच्या जानेवारीत, तिला एकविसावं लागलं तेव्हा, रक्तातलं बिलिरुबिन अठ्ठावीसवर गेलं होतं. तिसाच्या वर गेलं की ते मेंदूत उतरायला लागतं, आणि तिथे झालेली इजा भरून येत नाही. जनुक-उपचार तोवर निघाला होता, पण ते जनुक ज्या विषाणूवर बसवून आत सोडतात, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं त्रिशलाच्या रक्तात आधीच होती. यकृतरोगांचे डॉक्टर दिवाण तिला लहानपणापासून बघत होते. ते म्हणाले, "आता प्रत्यारोपण. घरातल्या कुणाचा तरी यकृताचा तुकडा लागेल."

तपासण्या झाल्या. जुळलं ते माझं.

मी सम्मेद, तेव्हा सव्वीस वर्षांचा, अण्णांचंच दुकान चालवणारा. सगळ्यांच्या देखत मी लगेच "हो" म्हणालो. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. अण्णांनी पेठेत भेटेल त्याला सांगितलं, "आमचा सम्मेद लिव्हर देणार आहे बहिणीला." तारीख ठरली, अठरा फेब्रुवारी.

मी मात्र आतून पार घाबरलो होतो. दात्याच्या जिवाला धोका हजारात दोघाचौघांना, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते दोघे-चौघे कोण असतील याचाच विचार मी दिवसभर करायचो. शिडीवर चढलो की एक हात शिडीवरून सुटायचाच नाही. हे मी कुणालाही बोललो नाही. बोलणार तरी कुणाला?

जानेवारीच्या शेवटी डॉक्टर दिवाणांनी आमच्याकडे एक बाई पाठवल्या, डॉक्टर मुग्धा नाडगौडा. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हत्या. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्या प्रकाशाने उत्तेजित झालेल्या रेणूंची गणितं मांडायच्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी. त्रिशलाच्या समोर बसून त्या तिच्याकडे जरा वेळ बघतच राहिल्या.

"सॉरी हं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं मी या रेणूवर काम करतेय. पण तो ज्याच्या अंगात आहे असं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"मग, कसा वाटला?" त्रिशलाने विचारलं.

"डोळ्यांत फार उठून दिसतो."

त्रिशला खळखळून हसली. तिच्या पिवळ्या डोळ्यांबद्दल इतकं सरळ कुणी बोलत नसे.

मॅडमनी पलंग मोजला, दिव्यांचा रंग मोजला. मग दुकानात येऊन माझ्याकडे दोरा आणि दोन नट मागितले. टेबलाच्या दोन क्लॅम्पमध्ये त्यांनी एक दोरा ताणून बांधला. त्याला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन नट शेजारी शेजारी टांगले आणि उजव्याला बोटाने हलकेच ढकललं. तो झुलायला लागला. थोड्या वेळाने त्याचं झुलणं मंदावत गेलं आणि डावा, ज्याला कुणी हातही लावला नव्हता, तो झुलू लागला. उजवा पार थांबला. मग पुन्हा उलट. अण्णा, आई, त्रिशला, मी, आम्ही सगळे टेबलाभोवती उभे राहून बघत होतो.

"बिलिरुबिनचा रेणू असाच आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन जवळजवळ सारखे अर्धे, मध्ये एक सांधा. प्रकाश पडला की त्याची ऊर्जा एका अर्ध्याची नसते, दोघांची मिळून असते. ती अशी एकतालात इकडून तिकडे हेलकावते. याला आम्ही पुंज सुसंगती म्हणतो. आता पंखा लावा."

मी टेबलफॅन लावला. नट कसेही हलायला लागले, ताल मोडला.

"भोवतालचं पाणी असेच धक्के देतं. सुसंगती मोडते, ऊर्जेची उष्णता होते आणि रेणू होता तसा परत खाली येतो. याला म्हणतात शिथिलीकरण. एका सेकंदाचे लाख कोटी भाग करा. त्यातल्या एखाद्या भागात हे सगळं उरकतं. शंभरातले नव्व्याण्णव रेणू असे रिकाम्या हाताने परततात. म्हणून हिला सोळा तास पडून राहावं लागतं."

"आणि उरलेला एक?" त्रिशलाने विचारलं.

"ऊर्जा उजव्या अर्ध्यात असेल, तर तिथे एक कडी जुळते आणि रेणूला नवा आकार येतो. तो आकार मग उलटत नाही, लघवीवाटे निघून जातो. डाव्या अर्ध्यात असेल तर आकार बदलतो खरा, पण बराचसा पुन्हा पहिल्यासारखा होतो. तेव्हा मला एवढंच हवंय, की ऊर्जा उजवीकडे आली की नेमका त्याच क्षणी दुसरा ठोका द्यायचा." पंखा बंद करून त्यांनी नट पुन्हा झुलवला आणि बरोबर वेळेवर बोटाची टिचकी दिली. उजवा नट जोरात उसळला.

"म्हणजे दिवा मिचकवायचा," मी म्हणालो.

"अगदी बरोबर. फक्त तुमच्या पाट्यांपेक्षा जरा भरभर."

तसे ठोके देणाऱ्या लेझर चिपा आता मिळत होत्या, खिळ्याच्या डोक्याएवढ्या. प्रश्न होता तो ठोका कधी आणि कोणत्या रंगाचा द्यायचा याचा, आणि ते त्यांच्या गणितातून निघत होतं. गणित म्हणत होतं, सहापट फायदा. सहा आठवड्यांत प्रयोगशाळेतली चाचणी पूर्ण होईल, असं त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी असा हट्ट सगळ्यात जास्त मी धरला. डॉक्टर दिवाण नाखूश होते. "तिसाच्या आत राहिलं तरच थांबेन," असं म्हणून त्यांनी सहा आठवडे दिले. आई म्हणाली, "बहिणीला कापाकापी नको म्हणून किती तळमळतोय बघा." मी मान खाली घातली.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी मी एका पेट्रोल पंपाची पाटी बसवत होतो. मॅडमचा फोन आला.

"सम्मेद, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. कसलीही प्रस्तावना नाही. "मी रेणू पाण्यात धरून गणित मांडलं होतं. रक्तात तो मोकळा नसतो, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसलेला असतो. हे मला माहीत होतं. फरक थोडाच पडेल असं मी धरून चालले. काल पूर्ण हिशेब हातात आला. ती खोबण रेणूचा उजवा अर्धा घट्ट धरून ठेवते. सुसंगती फार लवकर मोडते आणि ऊर्जा डावीकडे घसरते. माझ्या दिव्याचा आत्ताच्या पलंगापेक्षा काडीचाही जास्त उपयोग होणार नाही. शस्त्रक्रियेची तारीख परत घ्या. आज घ्या. त्रिशला आहे का जवळ?"

"नाही. मी सांगतो तिला."

"डॉक्टर दिवाण परदेशात आहेत, त्यांना मी मेल केलाय. पण तुम्ही आज सांगा."

"हो, सांगतो."

मी सांगितलं नाही.

घरी गेलो तर त्रिशला निळ्या उजेडात पडल्या पडल्या गुणगुणत होती. उद्या सांगू, असं ठरवलं. बुधवारी म्हटलं, मॅडम आणखी काही शोधतील. गुरुवारी तर स्वतःला काही म्हणायचीही तसदी घेतली नाही. तीन दिवस मी नीट जेवलो, नीट काम केलं. आजही मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

शुक्रवारी सकाळी नाष्ट्याला त्रिशलाने माझ्याकडे हात पुढे केला. "दादा, तो दे की... तो..." तिला शब्द सापडेना. समोर चमचा होता. ती चमच्याकडे बघत होती आणि तिला 'चमचा' म्हणता येत नव्हतं. जांभया येत होत्या, मान एका बाजूला कलत होती.

अण्णांनी व्हॅन काढली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. कोल्हापूरच्या रस्त्याला लागलो आणि मी सगळं सांगून टाकलं. मंगळवारचा फोन, तीन दिवसांचं माझं गप्प बसणं, आणि का गप्प बसलो तेही.

अण्णांनी गाडीचा वेग कमी केला नाही. रस्त्यावरची नजर न हटवता ते म्हणाले, "मी गावभर सांगत सुटलो, तुला एकदा विचारायचं राहिलं." त्याहून त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुग्णालयात बिलिरुबिन एकतीस निघालं. त्रिशलाच्या रक्तातला प्लाझ्मा काढून दुसरा भरायला त्यांनी लगेच सुरुवात केली. यंत्रातून एक पिशवी भरत होती, हळदीच्या पाण्यासारखी पिवळीजर्द. दुपारपर्यंत तिला शब्द परत आले. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी एखाद्या दिवसाने सांगता आलं नसतं.

तिने मला आत बोलावलं. "तीन दिवस, दादा?"

"हो."

"एवढी भीती वाटत होती तर मला सांगायचं होतंस. मी काय तुला धरून नेणार होते?" तिचा आवाज चढला होता. मग तिने तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत पडून राहिली. मी उभाच राहिलो. तिथून जायला तिने सांगितलं नाही, बसायलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी मॅडम आल्या. दोन दिवस माझा फोन लागेना म्हणून सकाळी थेट इचलकरंजीची बस धरली होती. शेजाऱ्यांकडून कळल्यावर तशाच कोल्हापूरला आल्या. मी त्यांना बाहेरच गाठून खरं ते सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या.

"तुमच्या एकट्यावर सोडून मी फोन ठेवला," त्या म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाकडे असा निरोप द्यायचा नसतो. आणि मुळात चूक माझ्या गणितातली." मग आत जाऊन त्यांनी आई, अण्णा आणि त्रिशलासमोर पुन्हा सगळं सांगितलं. काय गृहीत धरलं, कुठे चुकलं, त्यामुळे त्रिशलाचे किती आठवडे गेले. स्वतःच्या बाजूने एक वाक्यही त्या बोलल्या नाहीत. इतक्या शिकलेल्या माणसाला इतकं सरळ उभं राहून 'मी चुकले' म्हणताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्रिशला ऐकत होती. तिने यंत्राला लटकलेल्या पिशवीकडे बोट केलं. "त्यात माझं बिलिरुबिन अल्ब्युमिनमध्ये बसलेलंच असणार ना?"

"हो."

"हे लोक ती पिशवी टाकून देणार. मग तुम्ही घेऊन जा. खोबणीत बसलेलं कसं वागतं ते बघून घ्या."

मॅडम उठून पिशवीजवळ गेल्या. त्यांना लागतील तेवढे नमुने कधीच मिळाले नव्हते. बाळांच्या रक्ताचे थेंब मिळायचे, आणि इथे तीन लिटर समोर लटकत होते. डॉक्टरांची परवानगी, त्रिशलाची सही, बर्फाची पेटी, असं सगळं करून त्या दुसऱ्या दिवशी पुण्याला गेल्या.

डॉक्टर दिवाण परतले. नवी तारीख ठरली, तीन एप्रिल. दर आठवड्याला प्लाझ्मा बदलून त्रिशलाला तोवर सांभाळायचं होतं. मी तपासण्यांना जात होतो. भीती होतीच, पण आता ती सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे शिडीवर पुन्हा दोन्ही हातांनी काम करता यायला लागलं. सही करताना डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून विचारलं, "नाही म्हणायचंय का? नकाराचं कारण मी कुणाला सांगणार नाही." मी जरा थांबून "नाही, करतो" म्हणालो. माझा खरा होकार तो.

एकतीस मार्चला मॅडम आल्या. डोळ्यांखाली काळं झालेलं, हातात कागदांची चवड. रुग्णालयातल्या खोलीत आम्ही सगळे होतो, डॉक्टर दिवाणही.

"खोबणीतली सुसंगती माझ्या अंदाजाच्या एक दशांश वेळच टिकते," त्यांनी सांगितलं. "ती टिकवून धरायची धडपड मी करत होते. ते चुकीचं होतं. मोडणारच आहे, तर कुठल्या बाजूला मोडेल ते ठरवता येतं का, हे बघायला हवं होतं. पहिला ठोका निळा. दुसरा फार लवकर, आणि त्याचा रंग हिरव्याकडे झुकलेला. तेव्हा ऊर्जा उजवीकडे घसरते, आणि ज्या प्रथिनाने मला अडवलं होतं तेच तिला तिथे धरून ठेवतं. गणितात साडेचारपट आलं. मग त्रिशलाच्या प्लाझ्मावर सहा वेळा करून बघितलं. चारपट."

त्यांनी कागदांची चवड डॉक्टर दिवाणांपुढे ठेवली.

"मी तुला थांब म्हणणार नाही," त्या त्रिशलाला म्हणाल्या. "एकदा माझ्या शब्दावर थांबलीस. हे आकडे काचेच्या नळीतले आहेत. कातडीतून जाताना ठोका पसरतो, तिथे काय होईल ते मला ठाऊक नाही."

डॉक्टर दिवाणांनी कागद चाळले, बरेच प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "एका रुग्णापुरती खास परवानगी मागता येईल. दहा दिवस, माझ्या देखरेखीत, शस्त्रक्रियेची तयारी तशीच ठेवून. दहाव्या दिवशी बावीसच्या खाली नसेल तर सरळ ऑपरेशन."

त्रिशलाने माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. "दादा, खरं सांग. भीती वाटतीय?"

"वाटतीय. पण सही केलीय मी. अकराव्या दिवशी म्हणालीस तरी येतो."

"मलापण वाटतीय," ती म्हणाली. "दोन्हींची." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "दहा दिवस बघूया."

परवानगीला आठवडा गेला, शस्त्रक्रियेची तारीख तेवढी पुढे सरकली. तेवढ्या वेळात लेझर चिपांचं पटल अंगालगत बसेल अशी चौकट हवी होती. जरा लांब ठेवलं की ठोके विस्कटत होते. ती चौकट मी केली. पाठीला, पोटाला वळणारी, आतून पातळ गादी लावलेली, कारण कातडीला टेकवायची तर रुतायला नको. ते काम मला येत होतं. चालू केल्यावर तिच्यातून निळा नाही, मोरपंखी उजेड आला.

सुरुवातीला आकडा सत्तावीस. दुसऱ्या दिवशी सत्तावीस, तिसऱ्या दिवशीही सत्तावीस. आई खिडकीशी बसून जपमाळ ओढत होती. चौथ्या दिवशी लघवीच्या नमुन्यात तो नवा आकार सापडला, भरपूर. मॅडम रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून जिना उतरत धावत आल्या आणि दारातूनच त्यांनी हातातला कागद उंच धरून दाखवला. पाचव्या दिवशी पंचवीस. सातव्या दिवशी एकवीस. दहाव्या दिवशी सतरा, तेही रोजच्या फक्त सहा तासांत.

त्रिशलाने आरसा मागवला. खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बराच वेळ बघितला. मग आरसा माझ्या हातात देत म्हणाली, "अजून राग आहे माझा. पण चौकट बरी केलीस."

मॅडमचा शोधनिबंध पुढच्या वर्षी आला. त्यातली पहिली चार पानं त्यांच्या चुकलेल्या गणिताची होती, कुठलं गृहीतक घेतलं आणि त्याने काय होऊ शकलं असतं, यासकट. पुष्कळ लोकांनी म्हणे ती पानं गाळायला सुचवलं होतं. त्यांनी गाळली नाहीत. त्रिशला आता सुरतला एका मोठ्या गिरणीत नक्षीकाम करते. चौकट बॅगेत घडी करून नेते.

मागच्या महिन्यात मॅडमनी मला पुण्याला बोलावलं. तान्ह्या बाळांसाठी चौकट हवी होती. बाळांच्या रक्तातली खोबण वेगळी असते, त्यामुळे ठोक्यांचं गणितही त्या नव्याने मांडतायत. तिथल्या एका रुग्णालयाच्या वॉर्डात मी माप घेत होतो तेव्हा एक माणूस जवळ आला. उदगीरचा होता, कडेवर दहा महिन्यांची पिवळी पोर.

"तुम्ही डॉक्टर का?" त्याने विचारलं.

"नाही हो, मी पाट्या बनवतो."

त्याने चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "होईल का हिचं बरं?"

मला माहीत नव्हतं. काचेपलीकडे मॅडम पडद्यावरच्या आकड्यांत डोकं घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून मी म्हणालो, "त्यांना विचारा. होणार असेल तर सांगतील. आणि होणार नसेल, तर तेही त्याच येऊन सांगतील."

त्याने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि काचेचं दार ढकललं.